आवाजाचे डावे-उजवे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही कागल तालुक्यातल्या एका खेड्यात. लग्न होऊन या पेठेत आले, त्यापुढची वर्षे भाकऱ्या थापण्यात आणि मंडळाच्या भिशीचा हिशेब ठेवण्यात गेली. तेव्हा शुद्ध-अशुद्ध जे काही बोलेन ते गोड मानून घ्यावे. अध्यक्षाबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, “गौरीच्या रात्री जे झाले त्याविषयी बोलते.” त्या जरा घाबरल्या. आजच्या दिवशी भांडण नको म्हणाल्या. मी म्हटले, भांडण करीत नाही, भांडणाचे कारण सांगते. आणि ते कारण एका बटणात आहे.

ज्या भगिनी त्या रात्री नव्हत्या त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. गेल्या श्रावणात आपण ठरवले की आपली झिम्मा-फुगडीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या. ज्यांना ती सगळी पाठ आहेत अशा बायका आपल्यात आता पाच-सहाच उरल्या आहेत. माझा भाचा हे रेकॉर्डिंगचे काम शिकलेला. तो दोन माइक, एक लॅपटॉप आणि वायरींचे भेंडोळे घेऊन आला. मंडळाच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून त्याने भिंतींना वाकळा टांगल्या, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. बाहेर पाऊस आणि आत घामाच्या धारा. त्या खोलीत सोळा जणी मावेनात. म्हणून झिम्म्यात प्रश्न विचारणाऱ्या आठ जणींचे गाणे पहिल्या संध्याकाळी झाले, आणि उत्तर देणाऱ्या आठ जणींचे दुसऱ्या संध्याकाळी, कानाला हेडफोन लावून पहिल्या जणींचे ऐकत ऐकत.

गौरी जेवल्या त्या रात्री ते गाणे मांडवात लावले. प्रश्नाची ओळ कर्ण्यातून खणखणीत आली आणि उत्तराच्या जागी काहीच नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता. सुनेने विचारायचे आणि सासूने गप्प बसायचे, असे आपल्या कोल्हापुरात कधी घडले आहे काय? बायका आधी हसल्या. पण उत्तराच्या ओळीतल्या आठही जणी समोरच बसल्या होत्या. एकीची लेक पुण्याहून मुद्दाम आईचा आवाज ऐकायला आली होती. गाणे संपेपर्यंत ती आईच्या तोंडाकडे पाहत होती आणि आई मांडवाच्या झालरीकडे.

मी स्वतः प्रश्नाच्या ओळीतली, आणि रेकॉर्ड करणारा माझा भाचा. मग काय व्हायचे ते झालेच. “आत्तीनं भाच्याला सांगून आमचा आवाज कापला. सरळ सरळ डावं-उजवं केलं,” असे बोलणे झाले. पुढच्या भिशीला तिघी आल्या नाहीत. पैसे पोराच्या हाती पाठवले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या त्या तिळगूळ घेऊन उभ्या-उभ्या गेल्या. मला राग आला होता हे मी लपवत नाही. पण गंमत पाहा, की डावे-उजवे केले हा आरोप अक्षरशः खरा होता. भाच्याने खरोखरच पहिल्या आठ जणींना डावीकडे आणि दुसऱ्या आठ जणींना उजवीकडे बसवले होते. ते का, आणि त्याने एवढा घोटाळा कसा झाला, हे समजून घ्यायला मी त्याच्या शेजारी चार दुपारी स्टूल टाकून बसले. त्याचे कामही बघितले आणि त्याच्या डब्याची सोयही केली.

लहानपणी आपण सगळ्या आंधळी कोशिंबीर खेळलो आहोत. डोळ्यांवर फडके बांधले तरी कुणाची बांगडी वाजली की आपण बरोबर तिकडे झेप घेतो. हे कसे जमते? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डावीकडे बांगडी वाजली तर तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला डोक्याला वळसा घालून किंचित उशिरा. उशीर किती, तर एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भागही पुरता नाही. शिवाय मध्ये डोके आड येते म्हणून उजव्या कानाला तो थोडा बारीकही लागतो. एवढ्या खुणांवरून आपल्याला दिशा कळते. म्हणूनच कुणी अगदी नाकासमोर किंवा बरोबर पाठीमागे उभी राहून टिचकी वाजवली, की जिच्यावर राज्य असते ती फसते. दोन्ही कानांना सारखेच ऐकू येते ना!

आता दोन स्पीकर समोर ठेवायचे आणि आपण दोघांच्या बरोबर मधोमध बसायचे. एकाच बाईचा आवाज दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखा सोडला, तर तो डावीकडून येत नाही की उजवीकडून येत नाही. तो मधून येतो, जिथे काहीच नाही तिथून. माझा विश्वास बसेना. मी उठून त्या मधल्या जागेत हात फिरवून आले. तिथे भाच्याचा चहाचा पेला होता, दुसरे काही नव्हते. परत येऊन बसले तर बाई पुन्हा त्या पेल्यातून गायला लागली.

ही वाटणी कमी-जास्त करायला लॅपटॉपवर एक गोल बटण असते. त्याला पॅन म्हणतात. मी म्हटले, हे माझ्या ओळखीचे आहे, यात मी रोज फोडणी करते. पण हा पॅन वेगळा, पॅनोरमा या शब्दाचे हे लहान रूप आहे. बटण डावीकडे फिरवत न्यावे तसा उजव्या स्पीकरातला आवाज उतरत जातो, आणि पुरते फिरवले की उजवीकडे काही उरत नाही. मध्ये ठेवले तर दोन्हीकडे सारखे. पण दोन्ही स्पीकर पूर्ण जोराने वाजले तर मधला आवाज टोकाच्या आवाजापेक्षा फुगेल. म्हणून बटण मध्यावर असताना यंत्र प्रत्येक बाजूला साधारण ३ डेसिबलने, म्हणजे ताकदीने निम्म्यावर उतरवते. भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही. रुपया एकीला द्या, नाहीतर आठ-आठ आणे दोघींना द्या.

पण मुळात अशी वाटणी करायचीच कशाला? त्याचे उत्तर आपल्याला ताटात सापडेल. आपण पान वाढतो तेव्हा भात मध्ये, चटणी-कोशिंबीर-लोणचे डाव्या हाताला, भाजी-आमटी उजव्या हाताला. सगळे मध्येच ओतले तर त्याचा काला होतो. सोळा जणींचे आवाज एकाच ठिकाणी ठेवले तर तेच होते. एकसारख्या पट्टीतले आवाज एकमेकांना झाकतात आणि शब्द कळत नाहीत. दोन ओळी दोन बाजूंना ठेवल्या की कोण विचारते आणि कोण उत्तर देते ते डोळे मिटूनही समजते. मुख्य गाणारणीला मध्ये ठेवतात. घागर घुमवण्याचा तो खालचा, जाड आवाजही मध्येच ठेवतात, कारण जाड आवाज कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, आणि त्याचा भार दोन्ही स्पीकरांनी वाटून घेतलेला बरा. सुपांचा आणि बांगड्यांचा आवाज पातळ. तो कडेला ठेवला की खुलतो. भाच्याने हे सगळे नीट केले होते. हेडफोन लावून ऐकले तर आपण रिंगणाच्या मध्ये उभे आहोत असे वाटे. फक्त त्याने दोन ओळींची बटणे अगदी टोकापर्यंत फिरवली होती.

मांडवात काय झाले ते मी नंतर जाऊन स्वतः विचारले. फोनमधून निघालेल्या वायरीला दोन पिना असतात, पांढरी आणि लाल. पांढरी डावीकडची, लाल उजवीकडची. मंडपवाल्याने पांढरी लावली आणि लाल तशीच लोंबकळत ठेवली. “ताई, आमच्याकडं एकच लागती,” तो म्हणाला. त्या लाल पिनेत आपल्या आठ जणी होत्या.

मी त्याच्यावर चिडून गेले होते, पण त्याचेही चूक म्हणता येईना. मांडवात एक कर्णा देवळाच्या अंगाला असतो आणि दुसरा पाराजवळ. जी बाई पाराजवळ बसली तिला पाराजवळचाच ऐकू येणार. तिथे डावे-उजवे करून उपयोगच नाही, म्हणून ते लोक सगळीकडे एकच आवाज सोडतात. दोन स्पीकरांची ही गंमत मधल्या जागेवर बसलेल्यालाच कळते. जरा एका बाजूला सरकले की जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो आणि सगळेच गाणे त्या बाजूला गेल्यासारखे वाटते.

यावरून मला माझ्या माहेरची एक गोष्ट आठवली. आमच्या वडिलांचा एक टेप होता, रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला, दोन स्पीकरांचा. त्यातला उजवा स्पीकर उंदराने कुरतडला होता. आम्ही भावंडे सगळी गाणी त्या एका डाव्या स्पीकरावर शिकलो. लग्न होऊन आले तेव्हा नणंदेच्या टेपवर त्यातलेच एक माझे आवडते गाणे लागले, आणि कडव्यांच्या मध्ये एक बासरी वाजली. मी म्हटले, हे निराळे गाणे दिसते. नणंद हसायला लागली. ती बासरी पहिल्यापासून त्या गाण्यात होती. आमच्या घरी ती उंदराने खाल्ली होती. एवढे होऊनही मी शहाणी झाले नव्हते, म्हणून मांडवातली चूक मला लगेच ओळखता आली नाही.

हे दोन बाजूंचे खूळ निघाले कुठून, असे कुणी विचारील. १८८१ साली पॅरिसमध्ये एक विजेचे प्रदर्शन भरले होते. तिथे नाटकगृहातले गाणे टेलिफोनच्या तारांनी आणून दोन कानांना दोन रिसिव्हर लावून लोकांना ऐकवले होते. पण आजच्या पद्धतीचे श्रेय ॲलन ब्लमलाइन नावाच्या लंडनच्या इंजिनियराला देतात. १९३१ साली तो बायकोला घेऊन बोलपट बघायला गेला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून. तो बायकोला म्हणाला, आवाज एकाच ठिकाणाहून येतो हे तुझ्या लक्षात येते का? ती म्हणे “असं होय?” एवढेच म्हणाली. आपणही नवऱ्याला पुष्कळदा एवढेच म्हणतो. त्यावर त्याने सांगितले, की आवाज माणसाच्या मागून चालवण्याची युक्ती मला सापडली आहे. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने तिच्या पेटंटचा अर्ज केला. १९४२ साली, लढाईच्या दिवसांत, रडारच्या चाचणीला निघालेले विमान कोसळून तो गेला. दोन बाजूंच्या तबकड्या दुकानात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्याला त्या पाहायला मिळाल्या नाहीत. आवाज पडद्यावर इकडून तिकडे सरकवण्याचे बटण मात्र त्याच्या हयातीतच, १९४० सालच्या डिस्नेच्या ‘फँटासिया’ या चित्रासाठी तयार झाले होते.

आणि आपल्या कोल्हापुरात तेव्हा काय चालले होते? १९२९ साली इथेच प्रभात फिल्म कंपनी निघाली, आणि १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, शांतारामबापूंनी दिग्दर्शन केलेला, गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी काम केलेला. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, कंपनी पुण्याला गेली, ते दुःख आपल्या जुन्या माणसांना फार दिवस होते. त्या काळी नटांना कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गावे लागे, आणि सगळा आवाज एकाच वाटेने फिल्मवर जाई. डावे नाही, उजवे नाही. कुणाचा आवाज मोठा हवा असेल तर त्याला माइकजवळ घ्यायचे आणि लहान हवा असेल तर लांब बसवायचे. म्हणजे जवळ-लांब होते, पण बाजू नव्हत्या. तरी लोकांनी ती गाणी डोक्यावर घेतली. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यातल्या काही जणींना वाटू लागले आहे की दोन बाजू नसल्या तर गाणे हलके.

आणखी एक सांगते आणि पुढे जाते. आपल्याकडे मिरवणुकीतल्या त्या स्पीकरांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. घरातली भांडी हलतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, ते डॉल्बी. मला वाटे हे त्या यंत्राचे नाव असेल. रे डॉल्बी हा एक खराच माणूस होता, २०१३ साली वारला. १९६५ साली त्याने कंपनी काढली आणि पहिले नाव मिळवले ते टेपवर मागून येणारी नको असलेली खरखर कमी करण्याच्या युक्तीबद्दल! ज्याने गोंगाट घालवला त्याचे नाव आपण गोंगाटाला दिले. पोलिसांनाही बंदोबस्त करावा लागतो तो त्याच्याच नावाचा.

आता जात्याचे सांगते. ते सांगायचे होते म्हणूनच मी आज उभी राहिले.

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचा हात. एकीने ओवी धरायची, दुसरीने उचलायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या संस्थेमार्फत इंटरनेटवर वाचायला-ऐकायला मिळतात. ते आपल्यासारख्या बायकांचेच धन आहे, अवश्य ऐका. आपल्या मंडळात जात्याला बसल्या त्या आपल्या गल्लीतल्या थोरल्या काकू आणि धाकट्या काकू, सख्ख्या जावा. दोघींनी चाळीस वर्षे एका चुलीवर काढली. भाच्याने दोघींपुढे एकेक माइक ठेवला. दोघींच्या मध्ये दोन हातांचेही अंतर नव्हते, त्यामुळे प्रत्येकीच्या माइकमध्ये दुसरीचा आवाजही थोडा शिरत होता. मग पॅनचे बटण फिरवून त्याने थोरल्यांना पुरत्या डावीकडे आणि धाकट्यांना पुरत्या उजवीकडे बसवले. अगदी जात्याच्या दोन बाजूंसारखे. ऐकून मी खूश झाले होते.

रेकॉर्ड करताना एक गोष्ट मी पाहिली होती. थोरल्या काकू मान उजवीकडे वळवून बसल्या होत्या, समोर पाहतच नव्हत्या. मला वाटले, माइकला लाजतात.

मार्गशीर्षात धाकट्या काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपले. माघात थोरल्यांनी निरोप धाडला, की ते जात्यावरचं केलं होतं ते ऐकीव. भाचा आणि मी गेलो. त्याने त्यांना हेडफोन नीट घातला, डावा डाव्या कानाला, उजवा उजव्या कानाला. दोन ओव्या झाल्यावर त्या म्हणाल्या,

“ही कुठं बसलीया? आत माजघरात जाऊन बसल्यागत वाटतंय बघ.”

भाच्याने वायर तपासली, पिना तपासल्या, सगळे बरोबर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थोरल्या काकूंना उजव्या कानाने कित्येक वर्षे ऐकू येत नाही. जात्यावर त्या मान वळवीत होत्या ती डावा कान जावेकडे करण्यासाठी. आणि आम्ही जावेला नेऊन बसवले ते नेमके बहिऱ्या कानाशी! त्यांना डाव्या कानात स्वतःचाच आवाज मोठ्याने ऐकू येत होता, आणि त्यांच्या माइकमध्ये जो काही थोडा शिरला होता तेवढाच जावेचा.

भाच्याने हेडफोन काढून उलटा घातला. मग त्या हलल्या नाहीत. सगळ्या ओव्या संपेपर्यंत बसून राहिल्या. त्याने विचारले, “आता तुमचा आवाज येतोय का, आज्जी?”

“माझा लांबनं येतोय.”

“मग थांबा, दोन्ही मध्ये आणतो.”

“ऱ्हाऊ दे. माझं मला ठावं हाय. तिचंच असू दे.”

जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही. मग तो म्हणाला, “आत्ती, मी सगळं दोन्ही कान शाबूत धरून केलं.” मी म्हटले, आणि मधल्या खुर्चीत बसून केलेस. आपल्या बायका कुठे मधल्या खुर्चीत बसतात?

त्या दिवशी घरी येऊन आम्ही कोण कसे ऐकते याची यादीच काढली. फोन ओट्यावर ठेवून, त्याच्या एका बारक्या स्पीकरावर, ऐकणाऱ्या सर्वांत जास्त. तिथे बहुतेक दोन्ही बाजू एक होऊन येतात. कुणी हरवत नाही, पण टोकाला बसवलेल्या मधल्या गाणारणीपेक्षा थोड्या मागे पडतात, कारण मधलीला दोन्हीकडचे आठ-आठ आणे मिळतात आणि त्यांना एकीकडचाच रुपया. ते आठ-आठ आणे एकत्र आले की रुपयाहून भारी पडतात. हा हिशेब मला आधी पटला नव्हता, पण कानाने ऐकल्यावर पटला. मग एका कानात बोंड घालून ऐकणाऱ्या. मी स्वतः त्यातलीच. दुसरा कान कुकरच्या शिट्टीला आणि सासूबाईंच्या हाकेला मोकळा ठेवावा लागतो. त्यात मांडवातला कर्णा आला, आणि थोरल्या काकूंसारख्या एका कानाच्या आल्या. दोन स्पीकरांच्या मध्ये निवांत बसणारी अशी आमच्या यादीत एकही निघाली नाही.

ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते त्यांनी घरातल्या पोराकडून फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ शोधून चालू करून घ्यावे. त्याने दोन्ही बाजूंचे सगळे दोन्ही कानांत येते. बहुतेक फोनमध्ये ही सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मी आपल्या गल्लीतल्या तिघींना करून दिले. त्यातल्या एकीला रोजच्या भजनात मृदंग आहे हे प्रथमच कळले.

मग आपले गाणे पुन्हा मांडले. भाचा आता दुसऱ्या टोकाला गेला. म्हणाला, सगळ्यांना मध्येच ठेवतो, कटकट नको. मी नको म्हटले. झिम्म्यातला सवाल-जबाब वेगळा कळला नाही तर ते झिम्म्याचे गाणे कसले? घड्याळाचे काटे डोळ्यांपुढे आणा. बटण सरळ वर असले म्हणजे बारा, मध्य. पूर्वी त्याने एका ओळीला पार सातावर आणि दुसरीला पाचावर नेले होते. आता प्रश्नाच्या ओळीला दहावर आणि उत्तराच्या ओळीला दोनावर ठेवले. म्हणजे बाजू कळते, पण प्रत्येक बाजूला दुसरीचाही वाटा राहतो. जात्याचेही तसेच केले. थोरल्या काकूंच्या फोनवर मात्र एक वेगळे घालून दिले आहे, धाकट्या काकूंच्या माइकचे, नुसते.

परीक्षा मंडपवाल्याच्या गोदामात घेतली. त्याला म्हटले, लाव तुझी एकच पिन. पांढरी लावली, प्रश्न मोठा आला आणि उत्तर त्याहून बारीक, पण शब्दन् शब्द कळत होता. लाल लावली, तर आमची ओळ बारीक झाली. उत्तराच्या ओळीतल्या सहा जणी आल्या होत्या, दोघी अजून आलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी मी वाट पाहीन. सहांपैकी एक वहिनी म्हणाल्या, “माझा आवाज अजून बारीकच येतोय की.” भाचा म्हणाला, “तो तुमचा आवाजच बारीक हाय.” मी त्याला कोपराने ढोसले. त्या वहिनी आज समोरच बसल्या आहेत आणि हसत आहेत, म्हणून हे सांगायचा धीर झाला.

आता चहा व्हायचा आहे, त्याआधी गाणी लावतो. दोन स्पीकर समोर मांडले आहेत, पांढरी-लाल दोन्ही पिना मी स्वतः लावून पाहिल्या. मधोमध फक्त चार खुर्च्या बसतात, तेव्हा चार-चार जणींनी पाळीपाळीने यावे, ढकलाढकली करू नये. पहिल्या पाळीला उत्तराच्या ओळीतल्या. जात्याची ओवी लागेल तेव्हा थोरल्या काकूंना मधल्या खुर्चीचा आग्रह कुणी करू नका. त्यांची खुर्ची मी उजव्या स्पीकरला लागून ठेवली आहे, अशी तिरपी, की डावा कान तिकडे होईल.